सिस्टरची पाळी : तिघींच्या हिशेबात सुट्टी कुठं बसते?

पाळी म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. कालव्याचं आवर्तन सुटलं की शेजपाळीनं कोणाचा नंबर कधी, पाणी किती तास, हे आपल्याला तोंडपाठ असतं. एकानं मधेच बारी मोडली की पुढच्या सगळ्यांचा हिशेब बिघडतो आणि टेलच्या शेतकऱ्याचं पीक वाळतं. आज त्याच नजरेनं आपल्या दवाखान्यातली पाळी बघू या. ही पाळी सिस्टरची आहे.

“दवाखान्यात गेलो, तर सिस्टर सुट्टीवर!” ही तक्रार ग्रामसभेत हमखास निघते. तक्रार खोटी नसते, पण ती चुकीच्या दारात नेऊन टाकली जाते. बहुतेक वेळा दोष सुट्टीचा नसतो. मुळात माणसंच कमी असतात.

कृषी खात्याच्या माणसानं यात का पडावं, असं कोणी विचारील. त्याचं कारण आपल्या शेतातच आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या औषधाची बाधा झाली, की डॉक्टर अ‍ॅट्रोपिन सुरू करतात. पण एक इंजेक्शन दिलं आणि झालं, असं ते काम नसतं. नाडी, श्वास, तोंडाची लाळ, डोळ्याची बाहुली बघत बघत डोस द्यावा लागतो, आणि ही राखण रात्रभर चालते. सर्पदंशाचंही तसंच. लस चालू असताना रोग्याजवळून हलता येत नाही. ही राखण करणारी बाई ताजी आहे की दोन पाळ्या ओढून आलेली आहे, यावर आपल्या माणसाचा जीव असतो.

पाळी लागते कशी?

सरकारी दवाखान्यात सकाळ, दुपार, रात्र अशा तीन पाळ्या असतात. कुठं त्या आठ-आठ तासांच्या, तर कुठं दिवसाच्या दोन सहा तासांच्या आणि रात्रीची सलग बारा तासांची. मोठ्या रुग्णालयात परिसेविका, म्हणजे इन्चार्ज सिस्टर, ड्यूटी लिस्ट तयार करते आणि अधिसेविका, म्हणजे मेट्रन, ती मंजूर करते. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही जबाबदारी वैद्यकीय अधिकाऱ्यावर येते.

लिस्ट लावताना आधी रात्रपाळी भरतात, कारण तिथं अडचण जास्त. मग शस्त्रक्रियेचे आणि लसीकरणाचे दिवस बघून दिवसाची माणसं ठरतात. नवी मुलगी रात्री एकटी पडू नये, तिच्यासोबत जाणती असावी, हेही बघावं लागतं. साप्ताहिक सुट्टी सगळ्यांना रविवारी देता येत नाही. कोणाला मंगळवार, तर कोणाला शुक्रवार. पोळा असो की दिवाळी, कोणाला तरी ड्यूटीवर थांबावंच लागतं. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा झाला, पण सरकारी रुग्णालयं त्यातून वगळली. शनिवारी तहसील बंद असतं, बाळंतपणाची खोली उघडीच असते.

पाळी फिरवण्याचीही एक रीत आहे. सकाळ, मग दुपार, मग रात्र अशी पुढं सरकत गेली तर शरीराला सोसते. उलटी फिरवली, किंवा दुपारपाळी उशिरा सुटून दुसऱ्या दिवशी पहाटेच पुन्हा हजर व्हायला लावलं, तर झोप मोडते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९७७ साली परिचारिकांविषयी शिफारशी केल्या. दोन पाळ्यांमध्ये किमान बारा तासांची सलग विश्रांती मिळावी आणि आठवड्याची विश्रांती कोणत्याही परिस्थितीत सलग ३६ तासांपेक्षा कमी नसावी, असं त्यात म्हटलं आहे.

आता हिशेब मांडा

कागद-पेन्सिल घ्या. दवाखान्यात फक्त एक सिस्टर चोवीस तास हजर ठेवायची आहे, असं धरा. दिवसाच्या तीन पाळ्या, म्हणजे वर्षाच्या १०९५. सिस्टर तीन असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला किती आल्या? बरोबर ३६५. म्हणजे वर्षातून एकही दिवस सुट्टी नाही! ना रविवार, ना सण, ना स्वतःचं आजारपण.

आता दुसऱ्या बाजूनं बघा. वर्षाच्या ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्ट्या वजा करा. नियमानं मिळणारी ८ दिवस किरकोळ रजा आणि ३० दिवस अर्जित रजा वजा करा. राहिले २७५ दिवस. १०९५ ला २७५ नं भागलं की जवळजवळ चार येतात. यात सणासुदीच्या सुट्ट्या, प्रशिक्षण किंवा १८० दिवसांची प्रसूती रजा धरलेलीच नाही. एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची, तर चारही जेमतेमच पुरतात.

२०१२ च्या भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांत, महिन्याला वीसपेक्षा कमी बाळंतपणं होणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्राला तीन स्टाफ नर्स आणि वीस किंवा जास्त होणाऱ्या केंद्राला चार धरल्या होत्या. म्हणजे तीनच्या केंद्रात सगळी पदं भरलेली असली तरी सुट्टी हिशेबात बसत नाही. त्यातलं एक पद रिक्त राहिलं की उरलेल्या दोघींच्या गळ्यात बारा-बारा तास पडतात. त्यातली एक आजारी पडली, की मग ‘सिस्टर नव्हती’ ही तक्रार आपल्यापर्यंत येते.

जागरणाची नशा

कोणी म्हणेल, “एखादा दिवस जास्त काम केलं तर काय बिघडलं? आम्ही नाही का रात्रभर पाणी भरत?” भरतो खरं. रात्रीच्या थ्री फेज विजेवर मोटार चालू करायला जाताना पाय कुठं पडतो, याचा अनुभव आपल्याला वर्षानुवर्षांचा आहे. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी जागरण आणि दारू यांची तुलना केली. सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाचं लक्ष आणि हात, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतके ढळतात, असं त्यांना आढळलं. दारू प्यालेल्या माणसाच्या हाती आपण ट्रॅक्टर देत नाही. मग थकलेल्या सिस्टरच्या हाती सुई देऊन तिनं चुकू नये, ही अपेक्षा कशी धरायची? रात्रपाळीनंतरची सुट्टी म्हणजे कोणी केलेली मेहेरबानी नाही. ती रोग्याच्या औषधोपचाराचाच भाग समजा.

उपकेंद्रातल्या आरोग्य सेविकेचं दुखणं वेगळं. तिला पाळीच नसते. दिवसा वाड्या-वस्त्या, लसीकरण, रजिस्टरं. आणि रात्री दारावर थाप पडली तर उठायचं. पाळी नाही म्हणजे काम चोवीस तासांचं, असा अर्थ गावानं काढू नये.

गावानं काय करावं?

सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, ग्राम आरोग्य समितीचे लोक यांना या बाबतीत बरंच करता येईल.

एक, कोणत्या पाळीला कोण आहे याचा फलक दर्शनी भागात लावायला सांगा. पाळी उघड असली की संशय राहत नाही आणि खरी दांडीही लपत नाही.

दोन, मंजूर पदं किती, भरलेली किती, रिक्त किती, हे लेखी विचारा. पद रिक्त असेल तर ग्रामसभेचा ठराव तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्याकडे पाठवा. ग्रामीण रुग्णालयाचा विषय असेल तर जिल्हा शल्य चिकित्सकांकडे. “सिस्टरची सुट्टी रद्द करा” असं लिहू नका. “पद भरा, रजेच्या काळात बदली माणूस द्या” असं लिहा.

तीन, निवासस्थानात पाणी, वीज, संडास, कुंपण आणि बाहेर दिवा आहे का, हे स्वतः जाऊन बघा. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत हा विषय घ्या. घर राहण्याजोगं नसेल तर सिस्टर तालुक्याहून ये-जा करणार, आणि शेवटची एस.टी. सुटली की रात्रपाळी लंगडी होणार.

चार, रात्री रोग्याबरोबर वीस माणसं आत शिरू देऊ नका. दवाखान्यात हाणामारी, तोडफोड करणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे आणि त्याचं संरक्षण परिचारिकांनाही आहे. पण पोलीस येण्याआधी गावचा शहाणा माणूस दारात उभा राहिला तर जास्त उपयोग होतो.

पाच, सुट्टीवर असलेल्या सिस्टरच्या घरी रक्तदाब मोजायला जाऊ नका. तातडीची वेळ असेल तर १०८ ला फोन करा.

येत्या १२ मेला जागतिक परिचारिका दिन असेल. त्या दिवशी नारळ, शाल, गुलाबाचं फूल जरूर द्या. पण त्याआधी दवाखान्यात जाऊन महिन्याची ड्यूटी लिस्ट बघा आणि किती जणींची किती सुट्टी बाकी राहिली, ते मोजा. बाकीचा आकडा मोठा निघाला, तर पुढच्या ग्रामसभेचा पहिला विषय तोच ठेवा.