अलिबाग ते तेल अवीव: अंतर एकच, तास वेगळे

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "इस्रायलहून आमची माणसं येणार आहेत, नेमके किती तास धरायचे?" आपल्या अलिबाग-रेवदंड्याकडे हा प्रश्न नवा नाही. इथले बेने इस्रायल, म्हणजे आपले शनवार तेली, 1948 नंतर मोठ्या संख्येने तिकडे गेले. नवगावची दफनभूमी, खंडाळ्याचा एलियाहू हनाबीचा खडक बघायला त्यांची नातवंडं आजही येतात. सोबत वयस्कर माणूस असेल तर दोन तासांचा फरकही जड जातो. म्हणून आज हिशोबच मांडू.

मुंबई ते तेल अवीव सरळ हवाई अंतर साधारण 4,050 किलोमीटर. विमानाचा वेग ताशी 850 धरला तर पावणेपाच तास. चढण्या-उतरण्याचा वेळ मिळवला की सव्वापाच ते साडेपाच.

मग पूर्वी एल अलच्या विमानाला आठेक तास का लागायचे? कारण मध्ये सौदी अरेबिया! इस्रायली विमानांना त्यांचं आकाश बंद होतं. त्यामुळे तांबड्या समुद्रावरून खाली एडनच्या आखातापर्यंत जायचं आणि मग मुंबईकडे वळायचं. म्हणजे सुमारे दीड हजार किलोमीटर जास्तीचे. 22 मार्च 2018 ला एअर इंडियाचं दिल्ली–तेल अवीव विमान पहिल्यांदा सौदीवरून गेलं. जुलै 2022 मध्ये सौदीने सगळ्याच कंपन्यांना वाट दिली, फेब्रुवारी 2023 मध्ये ओमाननेही. तेव्हा कुठे इस्रायली विमानांना सरळ रस्ता मिळाला.

आता तिकिटावरच्या वेळा. हिवाळ्यात इस्रायलचं घड्याळ आपल्यामागे साडेतीन तास असतं, उन्हाळ्यात अडीच. समजा, हिवाळ्यात मुंबईहून सकाळी 7 ला निघालात आणि तिथल्या 9 ला पोचलात. दोन तास दिसतात, पण झाले साडेपाच! येताना उलटं. रात्री 9 ला निघून पहाटे साडेपाचला मुंबईत. दिसतात साडेआठ, प्रत्यक्षात पाच. येताना वेळ थोडा कमी लागतो, कारण वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात आणि विमानाला मागून रेटा देतात.

आणखी एक. युद्ध पेटलं की थेट विमानं बंद होतात, ऑक्टोबर 2023 मध्ये आपण ते पाहिलंच. मग दुबई किंवा अबुधाबीला विमान बदलायचं. तीन तास तिथवर, पुढे तीन-साडेतीन, आणि मधलं ताटकळणं वेगळं. म्हणून तिकीट काढताना निघण्या-पोचण्याच्या वेळा वजा करू नका. "एकूण प्रवास" किती लिहिलाय आणि विमान कुठे बदलायचंय, ते बघा.

आणि मुंबईत उतरलं म्हणजे अलिबाग आलं असं नाही, बरं का! पावसाळ्यात गेटवे–मांडवा लाँच बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो मिळाली तर समुद्रात तासभर, नाहीतर वडखळमार्गे रस्त्याने तीनेक तास. तेही धरा.

चला, पुढच्या भागात भेटू. तुमच्या माणसांना सुखरूप घरी आणा!