उत्तरायुष्यातील शहाणपण

वय वाढणे आणि शहाणपण वाढणे या दोन भिन्न प्रक्रिया आहेत. वय आपोआप वाढते. शहाणपण मात्र अनुभवाची पुन्हा पुन्हा तपासणी केल्यानेच येते. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांच्या मते मध्यवयात माणसापुढे दोन वाटा असतात : पुढील पिढीसाठी काही घडविणे किंवा स्वतःतच साचून राहणे.

या दृष्टीने महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांचे कार्य अभ्यासण्याजोगे आहे. १८९६ मध्ये त्यांनी विधवांना आधार व शिक्षण देणारी संस्था स्थापन केली. १९०७ मध्ये महिला विद्यालय काढून अविवाहित मुलींनाही शिक्षणाचे दार उघडले. १९१४ मध्ये ते फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले आणि १९१६ मध्ये, वयाच्या ५८व्या वर्षी, त्यांनी मातृभाषेतून शिक्षण देणारे महिला विद्यापीठ उभारले. १९३६ मध्ये, ७८व्या वर्षी, ते खेड्यांतील प्राथमिक शिक्षणाकडे वळले.

या क्रमातून एक सूत्र स्पष्ट होते. हाती घेतलेले काम स्थिरावले, की त्यातून कोण वगळले गेले याचा शोध सुरू होतो. अनुभव येथे अभिमानाचे कारण न राहता पुढील प्रश्नाचे साधन बनतो. यालाच शहाणपण म्हणावे.

विचार करा : आपल्या नोकरी-व्यवसायात किंवा कुटुंबात आपण वर्षानुवर्षे उत्तम करीत आलेल्या एका कामातून कोण वगळले गेले आहे? पाच ओळींत लिहा.