पांढऱ्या मिशीला कलप

पडद्यावरची जुनी माणसं : लेखांक सातवा

उतारवयाचा एक वकील, काकासाहेब, आरशासमोर उभा आहे. पहिली बायको केव्हाच गेली, मुलं मोठी झाली, आणि घरात नुकतीच दुसरी बायको आली आहे. ती वयानं त्याच्या मुलीसारखी आहे. गृहस्थ मिशीला काळा कलप लावतो, मान तिरकी करून स्वतःला न्याहाळतो आणि क्षणभर खूश होतो. भिंतीवर लंबकाचं जुनं घड्याळ चालू आहे. १९३७ साली ‘प्रभात’ या चित्रपटसंस्थेचा ‘कुंकू’ आला, तेव्हा थिएटरात बसलेल्या किती काकासाहेबांना हा आरसा झोंबला असेल, याची कल्पना आज नीट करता येणार नाही. जरठ-बाला विवाह तेव्हा इतिहासजमा झालेला नव्हता. तो आपल्याच गल्लीत, कदाचित आपल्याच घरात होत होता.

आरशासमोरचा तो माणूस म्हणजे केशवराव दाते. या आठवड्याचा लेख त्यांच्यावर.

आधी एक शब्द स्पष्ट करू. नायक, नायिका, खलनायक हे शब्द कथेतलं पात्राचं स्थान सांगतात. ‘चरित्रनट’ हा शब्द नटाचं काम सांगतो. बाप, काका, गुरू, सावकार, पाटील, पुरोहित अशी वयाची, व्यवसायाची आणि स्वभावाची माणसं तो उभी करतो. पडद्यावरच्या गावात गावपण येतं आणि घरात घरपण येतं ते याच्यामुळे. बोलपट आला तेव्हा हा नट तयार करणारी शाळा सिनेमाकडे नव्हती. ती रंगभूमीकडे होती, आणि दाते त्या शाळेतच घडले.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आडिवऱ्यात १८८९ साली त्यांचा जन्म झाला. विशीच्या आतबाहेर असताना ते महाराष्ट्र नाटक मंडळीत दाखल झाले. हा काळ संगीत नाटकांचा होता. प्रेक्षक पदांसाठी येत, वन्समोअर देत, आणि एका नाट्यपदावर अख्खी रात्र तरून जाई. महाराष्ट्र नाटक मंडळी मात्र गद्य नाटकं करी. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ तिनंच १९०७ साली रंगमंचावर आणलं. कीचकाच्या आड लॉर्ड कर्झन आहे आणि द्रौपदीच्या आड परतंत्र देश आहे, हे प्रेक्षकांनी अचूक ओळखलं. सरकारनंही ओळखलं आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली.

गद्य नाटकाच्या नटाला पदाचा आधार नसे. ध्वनिक्षेपक नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचा, आणि तोही अर्थासकट, हे सगळं गळ्यावर आणि समजेवर. कुठे थांबायचं, कुठला शब्द उचलायचा, कुठला सोडून द्यायचा, यावर प्रसंग उभा राही किंवा पडे. दाते यात मुरले.

त्या शाळेत आणखी एक धडा होता. त्या काळच्या कितीतरी नटांप्रमाणे दात्यांनीही सुरुवातीला स्त्रीभूमिका केल्या. स्त्रीभूमिका करणाऱ्याला आधी स्वतःची चाल विसरावी लागते. बसणं, उठणं, पदर सावरणं, नजर खाली नेणं हे सगळं दुसऱ्याचं पाहून, निरखून अंगात मुरवावं लागतं. ज्यानं ऐन तारुण्यात ही मेहनत केली, त्याला पुढे म्हातारा, पुरोहित किंवा शेतकरी होणं परकं वाटलं नाही. स्वतःला बाजूला ठेवून दुसऱ्याचं अंग धारण करण्याची सवय त्याला आधीच लागलेली होती. दात्यांच्या साऱ्या कारकिर्दीचा पाया मला इथेच दिसतो.

१९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ ही संस्था उभी राहिली. श्री. वि. वर्तक, के. नारायण काळे, अनंत काणेकर, पार्श्वनाथ आळतेकर, केशवराव भोळे अशी शिकली-सवरलेली मंडळी तिच्यामागे होती. त्यांना रंगमंचावर रोजच्यासारखं बोलणं हवं होतं आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच करायला हव्या होत्या. ब्यॉर्नसन या नॉर्वेच्या नाटककाराच्या नाटकावरून वर्तकांनी लिहिलेलं ‘आंधळ्यांची शाळा’ १ जुलै १९३३ रोजी मुंबईत रंगमंचावर आलं. ज्योत्स्ना भोळे त्यात होत्या आणि दातेही होते. तेव्हा दात्यांनी चाळिशी ओलांडलेली होती. कंपनी नाटकात पंचवीस वर्षं काढलेल्या नटाला जुन्या ढंगावरही उरलेलं आयुष्य सुखानं काढता आलं असतं. त्यांनी नव्यांच्या बाजूला उभं राहून आवाज खाली आणायला शिकून घेतलं.

हे शिकणं लगेच उपयोगी पडलं. त्याच वर्षी ‘प्रभात’ कोल्हापूर सोडून पुण्यात आली, आणि पुण्यातला तिचा पहिला चित्रपट ‘अमृतमंथन’ १९३४ मध्ये पडद्यावर आला. तेव्हा ‘प्रभात’ एकच चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत काढी. सेट तोच आणि दिग्दर्शक व्ही. शांतारामच, पण नट काही वेळा वेगळे असत. देवीपुढचे बळी थांबवणाऱ्या राजाच्या जिवावर उठलेला राजगुरू हिंदीत चंद्रमोहननं केला. त्याचे डोळे आणि पडदाभर पसरलेलं त्या डोळ्याचं जवळून घेतलेलं दृश्य पुढे दंतकथाच झालं. मराठीतला राजगुरू दात्यांचा. तसे डोळे त्यांच्याजवळ नव्हते. त्यांच्याजवळ होती ती पंचवीस वर्षं घासलेली वाणी, आणि आपलंच खरं असं मनापासून मानणारा माणूस उभा करण्याची समज. हा राजगुरू शेवटी स्वतःचंच शीर देवीला वाहतो. त्याची श्रद्धा खरी वाटली नाही तर तो शेवट हास्यास्पद झाला असता.

आता पुन्हा ‘कुंकू’कडे. नारायण हरी आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा हा चित्रपट. नीरेला फसवून तिचं लग्न काकासाहेबांशी लावलेलं असतं, आणि ती हा संसार मान्य करायला साफ नकार देते. शांता आपट्यांची नीरा सगळ्यांच्या लक्षात आहे आणि ते योग्यच आहे. पण तिच्यासमोर दुष्ट, लंपट म्हातारा उभा केला असता तर चित्रपट सोपा होऊन गेला असता. प्रेक्षकानं त्याला शिव्या दिल्या असत्या आणि मोकळ्या मनानं घरी गेला असता. दात्यांनी ही सोय प्रेक्षकाला दिली नाही. त्यांचे काकासाहेब चारचौघांसारखे, प्रतिष्ठित, वेळप्रसंगी प्रेमळ गृहस्थ आहेत. आपण अन्याय केला हे त्यांना कळतच नाही, कारण त्यांच्या अवतीभोवती कुणालाच तो अन्याय वाटत नाही. मग ते हळूहळू कळू लागतं. मुलगी बोलते, नीरा हटत नाही, आरसा खोटं बोलायचं थांबतो. हा सगळा प्रवास दाते चेहऱ्यावर आणि खांद्यांच्या उतरण्यातून दाखवतात.

‘कुंकू’त पार्श्वसंगीत नाही. ऐकू येतात ते घरातले, रस्त्यावरचे खरे आवाज, आणि गाणं आलं तरी ते प्रसंगातूनच येतं. व्हायोलिन रडलं की प्रेक्षक रडतो, ही नटाला मिळणारी मदत इथे नाही. शांत खोलीत घड्याळाची टिकटिक आणि दाते, एवढंच. शेवटी काकासाहेब चूक कबूल करतात, पत्र लिहून ठेवतात, नीरेला योग्य जोडीदार निवडायला सांगतात आणि स्वतःचं आयुष्य संपवतात. चित्रपटाचा हा शेवट पटो न पटो, तिथवर पोचेपर्यंत आपण या माणसाचा तिरस्कार करू शकत नाही, आणि त्याची बाजूही घेऊ शकत नाही. ‘दुनिया न माने’ या हिंदी आवृत्तीतही हे काम दात्यांनीच केलं.

१९४१ चा ‘शेजारी’ ही तिसरी मोठी भूमिका. कथा विश्राम बेडेकरांची. जिवबा पाटील आणि मिर्झा हे जिवाभावाचे शेजारी, धरण बांधायला आलेला धनिक त्यांच्यात फूट पाडतो, आणि शेवटी फुटत्या धरणावर दोघे मित्र एकत्र मरण पत्करतात. मराठीत जिवबा केशवराव दाते, मिर्झा गजानन जागीरदार. हिंदी ‘पडोसी’त मिर्झा जागीरदारच राहिले आणि हिंदू शेजारी मजहर खान यांनी केला. म्हणजे ज्यानं फक्त हिंदी आवृत्त्या पाहिल्या, त्याला दात्यांचा राजगुरूही भेटत नाही आणि जिवबाही भेटत नाही. महाराष्ट्राबाहेर या नटाचं नाव कमी ऐकू येतं, त्याचं एक कारण हे आहे.

शांतारामांनी ‘प्रभात’ सोडून मुंबईत ‘राजकमल’ काढली, त्या पर्वातही दाते त्यांच्या चित्रपटांत दिसत राहिले. ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’त (१९४६) ते कोटणीसांचे वडील होते. ‘झनक झनक पायल बाजे’मध्ये (१९५५) नृत्यगुरू मंगल महाराज झाले, तेव्हा वय पासष्टीच्या पुढे गेलेलं होतं. ताल थोडा चुकला तरी ज्याच्या कपाळावर आठी उमटावी, असा तो गुरू आहे. १९७१ मध्ये ते गेले.

दात्यांचं मोठेपण माझ्या मते एका गोष्टीत आहे. आपल्या पात्राला प्रेक्षकानं चांगलं म्हणावं, असा आग्रह त्यांनी धरला नाही. चुकणारा माणूस त्यांनी चुकतानाच दाखवला, आणि तरीही तो माणूसच राहील याची काळजी घेतली. नायकाला टाळ्या मिळतात. चरित्रनटाला हे जमलं तर कथेवर विश्वास बसतो. ‘कुंकू’वर लोकांचा विश्वास बसला, म्हणून तो समाजाला लागला.

वाचकांना एक विनंती आहे. या आठवड्यात ‘कुंकू’ पाहा, आणि मराठीच पाहा. या खेपेला नीरेकडून थोडी नजर काढून कोपऱ्यात गप्प बसलेल्या काकासाहेबांकडे लावा. घरात कुणी आजी-आजोबा असतील तर त्यांना सोबत बसवा, आणि त्यांच्या लहानपणी असं लग्न त्यांनी कुठे पाहिलं होतं, ते विचारा.