मांडीची कातडी गालावर कशी जगते?

आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा पानठेल्यावर सर्रास मिळतो. तो तासन्‌तास गालात धरून ठेवणाऱ्यांपैकी काहींना तेथेच कर्करोग होतो. रोग मागे राहू नये म्हणून शस्त्रवैद्याला गाठीबरोबर तिच्याभोवतीचा थोडा निरोगी भागही काढावा लागतो. कधी कधी गालाला आरपार भोक पडते. मग अन्न आणि लाळ बाहेर येऊ लागते, बोलणे कळेनासे होते. हे भोक बुजवायचे कशाने? उत्तर ऐकून नवल वाटेल : रोग्याच्याच मांडीच्या तुकड्याने!

विद्यार्थी मित्रांनो, सदऱ्याला ठिगळ लावतो तशी कातडी नुसती शिवून टाकली तर चालणार नाही का? नाही. कापडाला अन्न लागत नाही, जिवंत पेशीला लागते. रक्तातील ऑक्सिजन केशवाहिनीतून बाहेर पडून विसरणाने पेशीपर्यंत पोहोचतो. विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अंतर दहापट झाले की वेळ शंभरपट! म्हणून केशवाहिनीपासून सुमारे ०.१ ते ०.२ मिलिमीटरपलीकडच्या पेशींची उपासमार होते. अगदी पातळ कातडी भाजलेल्या जागेवर ठेवली तर ती खालच्या द्रवावर दोन-तीन दिवस तग धरते आणि तोवर तिच्यात नव्या केशवाहिन्या शिरतात. पण आरपार भोकाखाली जिवंत जमीनच नसते, आणि तेथे हवा असतो जाड तुकडा. तो नुसता चिकटवला तर सडेल. त्याला रक्ताची स्वतःची वाट हवी.

ही युक्ती आपल्याकडे फार पूर्वीच ठाऊक होती. इंग्रज सैन्यातील कावसजी नावाच्या मराठी गाडीवानाचे नाक टिपूच्या कैदेत कापले गेले. १७९३ च्या सुमारास पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक बसवले. दोन भुवयांच्या मधला कातडीचा देठ त्याने मुद्दाम जोडलेला ठेवला. रक्त या देठातून येत राहिले. नवी जागा जुळल्यावर, सुमारे पंचवीस दिवसांनी, देठ कापला. १७९४ साली ही हकीकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापली गेली आणि १८१४ साली जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्याने तेथे तशीच शस्त्रक्रिया केली.

पण देठ पोहोचेल तेवढाच तुकडा सरकतो. मांडीचा देठ गालापर्यंत कसा पोहोचणार? त्यासाठी रोहिणी आणि नीला यांच्यासकट तुकडा पूर्ण सोडवायचा आणि त्या वाहिन्या मानेतील वाहिन्यांना शिवायच्या. मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूचा असा तुकडा चीनमधील शस्त्रवैद्यांनी १९८४ साली वर्णन केला. मांडीच का? तेथे कातडी भरपूर असते, देठ लांब मिळतो आणि व्रण कपड्याखाली झाकतो. शिवाय एक चमू तोंडाचे काम करीत असताना दुसरा मांडीवर काम करू शकतो. तुकडा दुमडला की एक बाजू तोंडाचे अस्तर होते आणि दुसरी गालाची कातडी.

कातडीकडे येणारी बारीक रोहिणी बाहेरून दिसत नाही. ती शोधायला डॉप्लर परिणाम उपयोगी पडतो. गोंदिया जंक्शनवर न थांबता जाणाऱ्या गाडीची शिटी जवळ येताना चढी आणि दूर जाताना उतरती ऐकू येते. त्याचप्रमाणे श्राव्यातीत ध्वनी वाहत्या रक्तपेशींवर आपटून परतला की त्याची वारंवारता बदलते. हा फरक यंत्र आपल्याला ‘फुस्‌ फुस्‌’ असा ऐकवते.

खरी कसोटी शिवणीची. वाहिनीचा व्यास साधारण २ मिलिमीटर, आणि धागा केसाहूनही बारीक. हे काम सूक्ष्मदर्शकाखाली चालते. प्वाझेच्या नियमाप्रमाणे, दाब व लांबी तीच असेल तर नळीतून वाहणारा द्रव त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात असतो. तीच वाहिनी सगळीकडे १.५ मिलिमीटरची झाली तर प्रवाह ०.७५ चा चतुर्थ घात, म्हणजे सुमारे ०.३२ पट उरतो! शिवणीची जागा आखूड असल्याने एवढी घट होत नाही. पण टाका वाकडा पडून तेथे गुठळी धरली तर वाट पुरतीच बंद होते. म्हणून पहिले दोन-तीन दिवस परिचारिका तासातासाला तुकडा पाहतात. तो फिकट व गार पडला तर रोहिणी अडली; निळसर होऊन फुगला तर नीला. वेळीच पुन्हा उघडले तर तुकडा वाचतो. अनुभवी हातांत शंभरातले पंचाण्णव तुकडे जगतात.

नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८ साली प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभा केला. तेव्हापासून ही विद्या विदर्भाच्या दारात आहे. तरी तिच्या मर्यादा ओळखा. मांडीच्या कातडीला लाळ सुटत नाही, चव कळत नाही, आणि पुष्कळदा तोंडात तिच्यावर केसही उगवतात.

तेव्हा तोंडात पांढरा चट्टा दिसला, दोन-तीन आठवड्यांत जखम भरली नाही किंवा आपली तीन बोटे उभी मावेनाशी झाली, तर डॉक्टरांना दाखवा, आणि घरच्यांनाही दाखवायला लावा. गाठ लहान असताना सापडली तर मांडीला हात लावण्याची वेळ बहुधा येतच नाही.