लक्षण एक, निदाने दोन

पुणे-नाशिक रेल्वेच्या मार्गाचा वाद सुरू झाल्यापासून नाशिककरांच्या कानावर ‘जीएमआरटी’ हे नाव सतत पडते आहे. नारायणगावजवळ खोडद येथील ही रेडिओ दुर्बीण म्हणजे सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. रेल्वेमुळे तिच्या निरीक्षणांत अडथळा येईल, असा आक्षेप आहे. पण ही दुर्बीण ऐकते तरी काय? इतर अनेक गोष्टींबरोबर ती गुरुत्वाकर्षणाच्या नियमाचीही परीक्षा घेते.

परीक्षा कशासाठी? दीर्घिकांच्या कडेचे तारे अपेक्षेपेक्षा वेगाने फिरतात. लक्षण एक, निदाने दोन. एक तर तेथे न दिसणारे ‘कृष्णद्रव्य’ असावे, नाहीतर नियमच अपुरा असावा. दुसरे निदान मॉर्डेहाय मिल्ग्रोम यांनी १९८३ मध्ये मांडले. इतिहासात दोन्ही प्रकार घडले आहेत. युरेनसची चाल बिघडलेली दिसली आणि १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. बुधाची कक्षाही गणिताशी जुळत नव्हती. तेथे मात्र नवा ग्रह मिळाला नाही. १९१५ मध्ये आइनस्टाइन यांच्या नव्या नियमाने ते कोडे सुटले.

निवाडा निरीक्षणेच करतात. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी पृथ्वीवर पोहोचल्या आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरण आले. सुमारे १३ कोटी वर्षांच्या प्रवासात फरक एवढाच! गुरुत्वीय लहरींचा वेग प्रकाशापेक्षा वेगळा सांगणारे अनेक पर्यायी सिद्धांत त्यामुळे बाद झाले. या टकरीनंतरचे रेडिओ तरंग जीएमआरटीनेही टिपले.

खोडदला पल्सार ताऱ्यांची नाडीही तपासली जाते. त्यांचे ठोके घड्याळासारखे नियमित असतात. गुरुत्वीय लहर आली की ते किंचित मागेपुढे होतात. आकाशात दोन पल्सारमध्ये किती कोन आहे, त्यानुसार हा फरक कसा बदलेल, हे आइनस्टाइनचा नियम नेमके सांगतो. काही पर्यायी सिद्धांत वेगळे सांगतात. जून २०२३ मध्ये जीएमआरटीच्या नोंदींसह जगभरातील शास्त्रज्ञांनी अशा लहरींचा पुरावा जाहीर केला. त्याचा कल आइनस्टाइनच्या बाजूने आहे, पण अंतिम निकालासाठी आणखी काही वर्षांच्या नोंदी लागतील.

हे ठोके अत्यंत क्षीण असतात. जवळची विद्युत उपकरणे त्यांना सहज झाकून टाकतात. नाशिकला रेल्वे हवीच आहे. पण मार्गाची चर्चा करताना खोडदला काय चालते, हेही ठाऊक असावे.