संगणकाच्या आज्ञांची पारख

सोन्याची पारख कसोटीवर होते, धान्याची मुठींत घेऊन होते. परंतु संगणकास दिलेल्या आज्ञांची मालिका, जिला सॉफ्टवेअर म्हणतात, ती हाताला लागत नाहीं. तिची पारख कशी करावयाची? पुष्कळांचा समज असा असतो कीं, काम तयार झालें म्हणजे चालवून पाहावें व चुका सांपडल्यास दुरुस्त कराव्या. ही झाली चांचणी. गुणवत्तेची हमी ही तिच्याहून व्यापक गोष्ट आहे, आणि दोहोंतील अंतर किती महाग पडतें हें १९९६ सालीं दिसून आलें.

त्या वर्षीं ४ जून रोजीं दक्षिण अमेरिकेंतील फ्रेंच गयानामधल्या कुरू येथून 'एरियान-५' हा युरोपचा नवा अग्निबाण प्रथमच उडाला. त्यांत क्लस्टर योजनेचे चार उपग्रह होते. सुमारें ३७ सेकंदांनीं त्याचें दिशादर्शक यंत्र बंद पडलें, बाण एकाएकीं वळला, हवेच्या माऱ्यानें त्याचे भाग तुटूं लागले, व अशा प्रसंगासाठीं केलेल्या योजनेप्रमाणें त्यानें स्वतःचा स्फोट घडवून आणला.

गणितज्ञ झाक-लुई लिऑन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळानें जुलैंत अहवाल दिला. दिशादर्शकाचें सॉफ्टवेअर आधींच्या 'एरियान-४'वरून जवळजवळ जसेंच्या तसें घेतलें होतें. त्यांत आडव्या वेगाशीं निगडित एक संख्या ज्या कप्प्यांत ठेवावयाची, त्यांत ३२,७६७ हून मोठी संख्या मावत नसे. जुन्या बाणाला ती मर्यादा पुरेशी होती. नवा बाण मात्र आरंभींच कितीतरी अधिक आडवा वेग घेई. मापट्यांत पायली ओतावी तसा प्रकार झाला. मदतीला दुसरें यंत्र होतें. पण त्यांतही तेंच सॉफ्टवेअर असल्यानें तें पहिल्याच्याही क्षणभर आधीं बंद पडलें होतें! आणि दैवाची थट्टा अशी कीं, ज्या गणनेंत हें घडलें तिचा उड्डाणानंतर 'एरियान-५'ला कांहींएक उपयोग नव्हता.

येथें कोणी आळस केला असें म्हणवत नाहीं. अशा सात संख्यांपैकीं चारांना संरक्षण दिलें होतें; संगणकावर भार पडूं नये म्हणून तीन तशाच ठेविल्या, कारण त्या फार वाढणार नाहींत असें गृहीत धरलें होतें. तें गृहीत जुन्या बाणापुरतें खरेंच होतें. परंतु तें चटकन् नजरेस पडेल असें नोंदलेलें नव्हतें, आणि नव्या उड्डाणमार्गाचे आंकडे देऊन यंत्राची चांचणी झाली नाहीं. जमिनीवरील तालमींत तर खऱ्या यंत्राच्या जागीं त्याची नक्कल बसविली होती.

गुणवत्तेची हमी ती हीच. सॉफ्टवेअरनें काय करावें, व कोणत्या परिस्थितींत, हें आरंभींच लिहून ठेवावयाचें. एकानें लिहिलेल्या आज्ञा दुसऱ्यानें वाचावयाच्या. फेरफार झाला कीं जुन्या चांचण्या पुन्हां घ्यावयाच्या. आणि जागा बदलली तर जुनें कामही नव्यासारखेंच तपासावयाचें. यांतील शेवटचें कलमच बहुधा टळतें. वर्षानुवर्षें बिनबोभाट चाललेल्या वस्तूवर शंका घेणें हा वेळेचा अपव्यय वाटतो.

ती निरुपयोगी गणना उड्डाण होतांच बंद करावी, ही मंडळाची पहिली शिफारस होती. नष्ट झालेल्या उपग्रहांच्या जागीं दुसरे चार सिद्ध करून २००० सालीं बायकोनूरहून सोयूझ अग्निबाणांनीं दोन-दोन करून पाठविण्यांत आले.