गाडीचे दिवे आणि जंगलातील रात्र

चंद्रपूरहून मूल आणि सावली या गावांवरून गडचिरोलीला रस्ता जातो. हा रस्ता सुमारे ८० किलोमीटर लांब आहे. त्याचा बराच भाग जंगलातून जातो. याच जिल्ह्यात ताडोबाचे जंगल आहे. १९५५ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. या भागात रात्री चितळ, रानडुक्कर आणि कधी कधी वाघही रस्ता ओलांडतो. म्हणून येथे गाडीचे दिवे जपून वापरावे लागतात.

आजकाल अनेक मोटारींचे दिवे आपोआप लागतात. ते कसे, हे तुम्हांला माहीत आहे का? पुढच्या काचेजवळ प्रकाश ओळखणारा एक लहानसा भाग बसवलेला असतो. बाहेरचा प्रकाश कमी झाला, की तो दिव्यांना वीज मिळवून देतो. म्हणून बांबूच्या दाट कमानीखाली गाडी शिरली, तर भर दिवसाही दिवे लागू शकतात. गाडी उन्हात आली, की ते थोड्या वेळाने बंद होतात.

काही गाड्यांत प्रखर दिवाही आपोआप मंद होतो. समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे दिसले, की हे घडते. पण चितळाच्या डोक्यावर दिवा नसतो! आठवडी बाजारातून सायकलने घरी परतणाऱ्या माणसाकडेही अनेकदा दिवा नसतो. यंत्र त्यांना ओळखेलच, असे नाही. त्यांना चालकानेच ओळखले पाहिजे.

अंधारात डोळ्यांची बाहुली मोठी होते. चितळाच्या डोळ्यांत तर प्रकाश परत फेकणारा एक थर असतो. त्यामुळेच रात्री त्याचे डोळे चमकतात. अशा डोळ्यांवर एकाएकी प्रखर प्रकाश पडला, तर ते दिपतात. प्राणी गोंधळतो आणि जागीच उभा राहतो. माणसाचे डोळेही दिपतात. अंधाराची पूर्ण सवय होण्यास त्यांना २० ते ३० मिनिटे लागतात.

मग अशा वेळी काय करावे? आधी वेग कमी करावा. प्रखर दिवा मंद करावा. गाडी दूरच थांबवावी. भोंगा वाजवू नये आणि खाली उतरू नये. प्राणी हललाच नाही, तर थांबलेल्या गाडीचे मोठे दिवे थोडा वेळ बंद करावेत. त्यासाठी स्टिअरिंगजवळच्या दांडीचे टोक 'ऑटो'वरून छोट्या दिव्यांच्या खुणेवर फिरवतात. काही गाड्यांत हे बटण समोरच्या फळीवर असते. काही गाड्यांत हातब्रेक ओढल्याशिवाय दिवे बंद होत नाहीत. आपल्या गाडीची रीत तिच्या पुस्तिकेत आधीच वाचून ठेवावी.

मात्र छोटे दिवे चालूच ठेवावेत. नाहीतर मागून येणाऱ्या ट्रकला आपली गाडी दिसणार नाही. निघताना मोठे दिवे पुन्हा लावावेत. धावत्या गाडीचे दिवे रात्री कधीही बंद करू नयेत.

दुचाकीची गोष्ट वेगळी आहे. १ एप्रिल २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत जळत राहतो. तो बंद करण्याचे बटण नसते. पण तो मंद करता येतो.

तुम्ही अजून गाडी चालवत नाही. पण अब्बांच्या किंवा चाचांच्या शेजारी बसता ना? पुढच्या वेळी समोर दोन चमकते डोळे दिसले, तर हळूच सांगा, "अब्बा, दिवा मंद करा." तेवढ्याने एक जीव वाचेल. कदाचित तुमचाही!

शब्दार्थ
प्रखर – फार तेज
दिपणे – तेज प्रकाशामुळे काही न दिसणे
एकाएकी – अचानक

स्वाध्याय
१. मोटारीचे दिवे आपोआप कसे लागतात?
२. प्रखर प्रकाशात चितळ जागीच का उभे राहते?
३. थांबलेल्या गाडीचे छोटे दिवे चालू का ठेवावेत?